ट्रक सरळ का चालत नाही?

ऊस कारखान्यावर जातो तो ट्रकने. कांदा बाजारात जातो तो ट्रकने. खत, सिमेंट, पत्रे, किराणा हेही ट्रकनेच गावात येते. आपल्या गावची कितीतरी मुले ट्रकवर ड्रायव्हर आहेत, क्लीनर आहेत. कोणी कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला आहे. अशा घरात ट्रक म्हणजे दावणीचा बैलच. त्याचे दुखणे वेळेवर कळले पाहिजे.

बैल लंगडू लागला की शेतकरी काय करतो? आधी त्याचा पाय उचलून पाहतो. काटा बोचला आहे का? खडा रुतला आहे का? पत्री ढिली झाली आहे का? मग सांधा चाचपतो. एकदम डाग देत नाही.

ट्रकचेही तसेच आहे. ट्रक एका बाजूला ओढतो. स्टिअरिंग थरथरते. टायर एका कडेने झिजतो. असे झाले की बरेच जण म्हणतात, "अलाइनमेंट गेली. करून टाका." पण अलाइनमेंट ही शेवटची गोष्ट आहे. आधी दुखणे शोधायचे, मग औषध द्यायचे. ते कसे शोधायचे, हे आपण या पाठात पाहू.

१. पुढची चाके कशी वळतात?

बैलगाडी वळवायची तर गाडीवान बैल वळवतो. जू फिरते आणि मागून सगळी गाडी फिरते. गाडीच्या चाकांना वेगळे वळावे लागत नाही.

चार चाकांच्या घोडागाडीत पूर्वी पुढची सगळी आस वळत असे. तशी गाडी वळणावर उलटण्याची भीती असे. यावर जर्मनीतल्या लांकेनश्पेर्गर नावाच्या कारागिराने एक युक्ती काढली. आस जागेवर स्थिर ठेवायची आणि टोकाची चाके तेवढी वळवायची. १८१८ साली इंग्लंडमध्ये अॅकरमन यांनी या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे मोटारीत हीच युक्ती आली.

ट्रकची पुढची आस म्हणजे पोलादाचा एक अखंड, भक्कम दांडा. १९५४ साली जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात जर्मन कंपनीच्या मदतीने ट्रक होऊ लागले. त्या ट्रकांना अशीच आस होती. आजच्या बहुतेक मालवाहू ट्रकांनाही अशीच असते. म्हणून हा पाठ जुन्या गाडीला लागू आहे आणि नव्या गाडीलाही.

या आसेच्या दोन्ही टोकांना एकेक जाड खिळ असते. तिला किंगपिन म्हणतात. दार जसे बिजागरीवर फिरते, तसे चाक किंगपिनवर वळते. चाक ज्या आखूड दांड्यावर बसते तो स्टब एक्सल. दोन्ही स्टब एक्सल एका लांब दांड्याने जोडलेले असतात. हा टाय रॉड. त्याच्यामुळे एक चाक वळले की दुसरेही वळते. स्टिअरिंगच्या पेटीतून जो दांडा चाकाकडे येतो, तो ड्रॅग लिंक. या दांड्यांच्या टोकांना गोळीचे सांधे असतात. ते बॉल जॉइंट.

एवढी नावे लक्षात ठेवा: आस, किंगपिन, स्टब एक्सल, टाय रॉड, ड्रॅग लिंक, बॉल जॉइंट. आता ट्रकखाली वाकून ही सगळी बोटाने दाखवा. पुस्तकात वाचलेले डोळ्यांनी पाहिले म्हणजे विसरत नाही.

२. चाके अगदी सरळ नसतात

चाके जोडताना थोडा कल मुद्दाम ठेवतात. हे कल तीन आहेत.

पहिला कल टो-इन. उभे राहा. दोन्ही पायांचे अंगठे किंचित आत वळवा. तशी पुढची दोन चाके पुढच्या अंगाला जराशी जवळ असतात. हा फरक अगदी थोडा, काही मिलिमीटरचाच असतो. गाडी चालू लागली की चाके बाहेर फाकू पाहतात, म्हणून ही सोय. चाके पुढून फाकलेली असतील तर त्याला टो-आउट म्हणतात.

दुसरा कल कॅम्बर. गाडीच्या समोर उभे राहून पाहा. चाक वरून किंचित बाहेर किंवा आत कललेले असते. तो कॅम्बर.

तिसरा कल कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा पाहा. तो उभा सरळ नसतो, वरून मागे कललेला असतो. त्यामुळे चालत्या सायकलला सरळ जाण्याची ओढ राहते. ट्रकची किंगपिनही अशीच वरून मागे कललेली असते. म्हणून वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते.

हे तिन्ही कल किती असावेत, ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो. दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

३. आधी विचारा, मग पाना उचला

एक ड्रायव्हर गॅरेजमध्ये आला. त्याचे आणि मिस्त्रीचे बोलणे वाचा.

"मिस्त्री, गाडी डावीकडं ओढतेय. अलाइनमेंट करून टाका."

"करू की, दादा. पण आधी सांगा, रिकामी असताना ओढते का भरलेली?"

"दोन्ही येळंला ओढते."

"ब्रेक दाबल्यावर ओढते, का साधी चालताना?"

"साधी चालतानाच. पण ब्रेक दाबला की जास्ती."

"आणि कधीपासून?"

"आठ दिवस झाले. डावा टायर पंक्चर झाला व्हता. दुसरा घातला, तवापासून."

"हवा मोजली का?"

"मोजायची कशाला? हातोडीनं वाजवून बघतो की रोज."

मिस्त्रीने गेज लावला. डाव्या टायरमध्ये हवा बरीच कमी निघाली. मग त्याने दोन्ही ड्रमजवळ तळहात नेला, लावला नाही. उजवा ड्रम कोमट होता. डाव्याची धग लांबूनच लागत होती. डावा ब्रेक सुटत नव्हता, घासत होता. मिस्त्रीने हवा भरली, ब्रेक नीट केला आणि गाडी फिरवून आणली. ओढ गेली. टाय रॉडला हातही लावावा लागला नाही.

न विचारता टाय रॉड फिरवला असता तर काय झाले असते? पैसे गेले असते. घासणारा ब्रेक तसाच राहिला असता. आणि सरळ असलेली चाके वाकडी झाली असती.

म्हणून गाडी ओढत असेल तर या क्रमाने पाहा.

हवा: प्रवासाआधी, टायर थंड असताना गेजने मोजा. हातोडीच्या आवाजावरून कमी-जास्त हवा नक्की कळत नाही. तापलेल्या टायरची हवा काढू नका.

टायर: दोन्ही पुढचे टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. शंका आली तर डावा टायर उजवीकडे आणि उजवा डावीकडे घाला. ओढही बाजू बदलून गेली, तर दोष टायरचा आहे.

ब्रेक: ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, तर आधी ब्रेक तपासा.

माल: एका बाजूला जास्त माल भरला तर गाडी त्या बाजूला बसते.

रस्ता: पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. म्हणून थोडी डावी ओढ साहजिक आहे. खात्री करायची तर सपाट, मोकळ्या मैदानात गाडी चालवून पाहा.

४. टायर वाचायला शिका

तुम्ही अक्षरे वाचायला शिकलात. आता टायर वाचा. गाडीला काय होते आहे, ते टायरवर लिहिलेले असते.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला आहे: हवा कमी पडते, किंवा माल जास्त होतो.

मधला भाग झिजला आणि कडा चांगल्या आहेत: हवा जास्त भरली जाते.

एकाच टायरची एकच कड झिजली: कॅम्बर बिघडला असेल. किंगपिन झिजली असेल, बेअरिंग ढिली असेल, किंवा आस वाकली असेल.

ठिकठिकाणी खड्डे किंवा वाटीसारखे खळगे पडले: चाकाचा तोल बरोबर नाही, बेअरिंग ढिली आहे, किंवा शॉकअब्सॉर्बर निकामी झाला आहे.

टायरवर हात फिरवला तर करवतीसारखे लागते: टो-इन चुकला आहे.

ही शेवटची खूण हाताने वाचायची असते. गाडी उभी करा. आधी टायरमध्ये तार किंवा खिळा नाही ना, ते पाहा. मग तळहात आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे फिरवा. नंतर बाहेरून आत फिरवा. बाहेर येताना टोचले आणि आत जाताना गुळगुळीत लागले, तर टो-इन जास्त आहे. आत जाताना टोचले, तर चाके पुढून फाकली आहेत. दोन्ही टायरांवर अशीच खूण असेल तर खात्री धरा.

५. स्टिअरिंग काय सांगते?

स्टिअरिंग जड लागते: पुढच्या टायरांत हवा कमी असेल. किंगपिनमध्ये ग्रीस नसेल. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेल कमी झाले असेल किंवा पट्टा ढिला पडला असेल.

गाडी रस्त्यावर भटकते, सारखी सावरावी लागते: सांधे ढिले झाले असतील. कमानपाट्यांचे यू-बोल्ट सैल झाले असतील. कॅस्टर कमी झाला असेल. माल फार मागे भरला असेल तरी पुढची चाके हलकी पडून असेच होते.

ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरते: चाकाचा तोल, वाकलेली रिम, फुगलेला टायर, ढिले बेअरिंग, झिजलेली किंगपिन आणि बॉल जॉइंट, हे सगळे पाहा.

वळण संपले तरी स्टिअरिंग परत येत नाही: किंगपिन कोरडी पडली असेल, सांधे आवळले असतील, किंवा कॅस्टर कमी झाला असेल. पाटा तुटला किंवा बसला तरी कॅस्टर बदलतो.

६. हलवून पाहा

आता गाडी तपासू. आधी जिवाची काळजी घ्या. जमीन सपाट आणि कठीण हवी. हँडब्रेक लावा. मागच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ओट लावा. जॅक आसेखाली लावून चाके उचला. मग आसेखाली भक्कम घोडी ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका.

पहिली तपासणी. एक हात चाकाच्या वर आणि एक खाली धरा. चाक आत-बाहेर हलवा. हलले तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. आता हलणे थांबले, तर बेअरिंग ढिली आहे. ब्रेक दाबूनही हलते, तर किंगपिन किंवा तिचा बुश झिजला आहे.

दुसरी तपासणी. हात चाकाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला धरा. चाक हलवा. सोबत्याने टाय रॉडच्या टोकांकडे पाहावे. दांडा हलण्याआधी सांध्यात गोळी हलली, तर बॉल जॉइंट गेला.

तिसरी तपासणी चाके खाली टेकवून करा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. एकाने स्टिअरिंग हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवावे. दुसऱ्याने बाजूला उभे राहून चाकाकडे पाहावे. चाक हलण्याआधी स्टिअरिंग किती फुकट फिरते? याला प्ले म्हणतात.

सरकारचा यावर नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ सांगतो की हा प्ले ३० अंशांहून जास्त नसावा. ३० अंश म्हणजे किती? घड्याळाचा काटा १२ वरून १ वर गेला की ३० अंश होतात. ही शेवटची हद्द आहे. तिथवर जाईपर्यंत वाट पाहू नये. हाच नियम सांगतो की बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, आणि बोल्ट किंवा पिना निघू नयेत अशा अडकवलेल्या असाव्यात. टोपी फाटली की आत धूळ-पाणी जाते आणि सांधा खाऊन टाकते. बोल्टमधून घालतात ती स्प्लिट पिन एकदा काढली की पुन्हा वापरू नका. नवी घाला. ती अगदी स्वस्त असते. पण ती नसली तर नट हळूहळू सुटतो, आणि नट सुटला तर भर घाटात स्टिअरिंग हातात राहते आणि चाके भलतीकडे जातात.

७. मोजून पाहा

सगळे ढिले सांधे दुरुस्त झाले का? हवा बरोबर आहे का? मगच टो-इन मोजा. ढिल्या सांध्यांवर मोजलेला आकडा खोटा असतो. आज एक येईल, उद्या दुसरा येईल.

चाक उचलून हाताने गरगर फिरवा. टायरच्या मधोमध खडू धरा. पांढरा पट्टा उमटेल. त्या पट्ट्यावर खिळ्याने एक बारीक रेघ ओढा. दुसऱ्या चाकालाही तसेच करा. चाके खाली घ्या आणि स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी हळूच थोडी पुढे घ्या. म्हणजे चाके आपल्या जागी बसतात. आता दोन रेघांमधले अंतर मोजा, एकदा चाकांच्या पुढच्या अंगाला आणि एकदा मागच्या अंगाला. दोन्ही मापे आसेच्या उंचीवर घ्या. मध्ये इंजिन आडवे येत असेल तर दोन उभे खुंट बसवलेला लांब दांडा वापरा.

समजा, मागचे अंतर १९०४ मिलिमीटर आले आणि पुढचे १९०२. तर टो-इन २ मिलिमीटर. हा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा. फरक असेल तर टाय रॉडचे क्लॅम्प ढिले करून दांडा फिरवतात. त्याच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे आटे असतात. म्हणून तो फिरवला की लांब किंवा आखूड होतो. काम झाल्यावर क्लॅम्प आवळायला विसरू नका.

दोन-चार मिलिमीटरने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. टायरची उंची १ मीटर धरा. टो-इन ६ मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३ मिलिमीटर येतात. म्हणजे १ मीटर पुढे जाताना चाक ३ मिलिमीटर आडवे ओढले जाते. १ किलोमीटरला ते ३ मीटर झाले. पुण्याहून मुंबई सुमारे १५० किलोमीटर. एका खेपेत टायर ४५० मीटर आडवा फरफटतो! नवा टायर डोळ्यांदेखत का झिजतो, ते आता कळले ना? डिझेलही त्यातच जास्त जळते.

८. मागची आसही पाहा

पुढे सगळे ठीक आहे. तरी गाडी तिरकी चालते आणि स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. मग दोष मागे असू शकतो. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला की मागची आस सरकते.

पुढची चाके सरळ ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी ताणा. डावी बाजू मोजा, उजवी मोजा. दोन्ही मापे सारखी हवीत. दुसरी युक्ती अशी: सपाट जागी पाणी ओता. त्यातून गाडी सरळ न्या आणि ओल्या खुणा पाहा. मागच्या चाकांची खूण पुढच्या खुणेच्या एका बाजूला जास्त सरकली असेल, तर आस तिरकी आहे.

आता शहरांत प्रकाशकिरणांनी किंवा कॅमेऱ्यांनी मोजणारी यंत्रे आली आहेत. ती बारीक मोजतात. मोठे काम असेल तर गाडी तिथे जरूर न्या. पण यंत्रावर चढवण्याआधी हवा, ब्रेक आणि सांधे तपासून घ्या.

आस, स्टिअरिंगचे दांडे किंवा त्यांचे हात वाकले, तर भट्टीत तापवून सरळ करू नका. त्यांना वेल्डिंग करू नका. या पोलादाला कारखान्यात तापवून मुरवलेले असते. पुन्हा तापवले की ते मऊ किंवा ठिसूळ होते. असा दांडा तुटला तर फक्त गाडीच जात नाही. आपल्या समोरून एसटी येत असते. तिच्यात माणसे बसलेली असतात.

लक्षात ठेवा

आधी विचारा. मग टायर वाचा. मग हलवून पाहा. शेवटी मोजा.
हवा गेजने मोजा.
ढिला सांधा आधी बदला. टो-इन त्यानंतर.
ग्रीस वेळेवर भरा. किंगपिनला ग्रीस भरताना चाक उचललेले असावे. जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा.
स्प्लिट पिन नेहमी नवी घाला.

प्रश्न

१. गाडी डावीकडे ओढते. सर्वांत आधी काय तपासाल?
२. चाक हलते. ते बेअरिंगमुळे की किंगपिनमुळे, हे कसे ओळखाल?
३. मागचे अंतर १८९० मिलिमीटर, पुढचे १८९३. हा टो-इन की टो-आउट? किती मिलिमीटर?
४. टो-इन मोजण्याआधी कोणती कामे झाली पाहिजेत?
५. तुमच्या गावातल्या एखाद्या ट्रकचे पुढचे टायर पाहा. मालकाला विचारून त्यांवर हात फिरवा. काय दिसले आणि काय लागले, ते पाच ओळींत लिहा.